जकार्तात राहायला जाताना: आधी रेल्वेची लाइन ठरवा, मग घर

जकार्ताला बदली झाली की बहुतेक जण सगळ्यात आधी घरभाड्याची चौकशी करतात. त्याआधी एक गोष्ट पक्की करायला हवी: ऑफिस, कारखाना किंवा कॉलेज ज्या बाजूला आहे, तिथे कोणती रेल्वे जाते. या शहरात बारा किलोमीटरला पाऊण तास लागणार की अडीच तास, हे त्या एका गोष्टीवर ठरते. इथे घरभाडे पुष्कळदा वर्षभराचे एकरकमी भरावे लागते, त्यामुळे बाजू चुकली तर ती चूक वर्षभर निस्तरावी लागते.

नकाशा समजून घ्या

जकार्ता, बोगोर, देपोक, तांगेरांग आणि बेकासी मिळून जो सलग वस्तीचा प्रदेश झाला आहे, त्याला स्थानिक लोक ‘जाबोदेताबेक’ म्हणतात. खुद्द जकार्ता प्रांत साधारण ६६० चौरस किलोमीटरचा, वस्ती एक कोटीच्या वर. आजूबाजूची शहरे धरली की आकडा तीन कोटींच्या पुढे जातो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालात, सलग शहरी वस्ती मोजण्याची पद्धत वापरून, जकार्ताला जवळपास ४ कोटी २० लाख लोकसंख्येसह जगात पहिला क्रमांक दिला आहे. राजधानी बोर्नियो बेटावरच्या नुसांताराला हलवण्याचा कायदा २०२२ साली झाला, पण नोकऱ्या, बँका, वकिलाती आणि गर्दी जकार्तातच आहे.

प्रांतात मध्य, उत्तर, पश्चिम, दक्षिण आणि पूर्व अशी पाच शहरे, शिवाय समुद्रातली छोटी बेटे. शहराचा कणा म्हणजे तामरिन आणि सुदिरमान हे सलग रस्ते. सुदिरमान, गातोत सुब्रोतो आणि रासुना सईद या तीन रस्त्यांमधला त्रिकोण हा ऑफिसांचा भाग. त्यातला रासुना सईद रस्ता कुनिंगान भागातून जातो आणि भारताची वकिलातही त्याच रस्त्यावर आहे. उत्तरेला समुद्र, जुने डच बातावियाचे अवशेष असलेले कोता तुआ आणि शेजारी चिनी वस्तीचे ग्लोदोक. दक्षिणेकडे जमीन हळूहळू चढत जाते आणि बोगोरला हवा थोडी गार, पाऊस मात्र भरपूर. देपोकला इंडोनेशिया विद्यापीठ, पश्चिमेला दक्षिण तांगेरांगमध्ये बिंतारो आणि बीएसडी ही आखीव उपनगरे, पूर्वेला बेकासी आणि त्याच्याही पुढे चिकारांगची औद्योगिक वसाहत.

इथे एक मोठा घोळ नेहमी होतो. बेकासी, बोगोर आणि तांगेरांग या नावांचे शहरही आहे आणि जिल्हाही. शहराला ‘कोता’ आणि जिल्ह्याला ‘काबुपातेन’ म्हणतात. तांगेरांगच्या बाबतीत तर तीन स्वतंत्र प्रशासने आहेत: तांगेरांग शहर, तांगेरांग जिल्हा आणि दक्षिण तांगेरांग शहर. नेमणुकीच्या पत्रात नुसते ‘जकार्ता’ किंवा ‘बेकासी’ लिहिलेले असेल तर कंपनीला तालुक्याचे, म्हणजे ‘केचामातान’चे नाव विचारा. कारखाना चिकारांगला आणि घर दक्षिण जकार्तात अशी वाटणी झाली तर रोजची ये-जा माणसाला थकवून टाकते. इंडोनेशियन स्पेलिंगमधला ‘सी’ हा ‘च’ असा उच्चारतात, हेही आताच लक्षात ठेवा. ‘सिकारांग’ म्हटलेले टॅक्सीवाल्याला कळणार नाही.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर पर्यटन किंवा भेटीगाठीसाठी आगमनावेळचा व्हिसा मिळतो. तोच आधी ऑनलाइनही काढता येतो. फी ५,००,००० रुपिया, मुदत ३० दिवस, एकदाच आणखी ३० दिवस वाढवता येते. उतरलेला दिवस पहिला धरला जातो. मुदत उलटली तर दर दिवसाला १० लाख रुपिया दंड. अर्ज इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. हुबेहूब दिसणारी आणि जास्त पैसे उकळणारी संकेतस्थळे बरीच आहेत. या व्हिसावर काम करता येत नाही. नोकरीसाठी कंपनीने अर्ज करून मिळणारा मर्यादित वास्तव्याचा परवाना लागतो, त्याला ‘कितास’ म्हणतात. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.

मोबाईलचा नियम पुष्कळांना माहीत नसतो आणि नंतर फार त्रास होतो. परदेशातून आणलेल्या फोनचा आयएमईआय क्रमांक कस्टम्सकडे नोंदवलेला नसेल, तर काही काळाने त्यावर स्थानिक सिम चालेनासे होते. थोड्या दिवसांच्या पाहुण्यांना सिम कंपनीकडून ९० दिवसांपर्यंतची सोय मिळते. जास्त राहणार असाल तर विमानतळावरून बाहेर पडण्याआधीच कस्टम्सच्या काउंटरवर नोंदणी करा. एका प्रवाशाला दोन उपकरणे नोंदवता येतात आणि ५०० डॉलरपर्यंतच्या किमतीवर करमाफी असते. बाहेर पडल्यावर नंतर कस्टम्स कार्यालयात गेलात तर ती करमाफी मिळत नाही.

अमली पदार्थांचे कायदे अत्यंत कडक आहेत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीशिवाय बॅगेत ठेवू नका.

विमानतळावरून शहरात

सुकार्नो-हात्ता विमानतळ जकार्तात नसून तांगेरांगमध्ये आहे. टर्मिनल एकूण तीन आहेत, आणि त्यांच्यामध्ये फुकट धावणारी छोटी स्वयंचलित गाडी. शहरात यायला विमानतळ रेल्वे आहे. ती बीएनआय सिटी या स्थानकावरून मांगाराईपर्यंत जाते. सामान कमी असेल आणि ऑफिसांच्या भागात जायचे असेल तर संध्याकाळी हाच सर्वांत भरवशाचा मार्ग. बोगोर, बेकासी, देपोककडे थेट जाणाऱ्या दामरी कंपनीच्या बस टर्मिनलच्या बाहेरूनच सुटतात. टॅक्सी घ्यायची तर अधिकृत रांगेतून मीटरची घ्या किंवा अ‍ॅपवरून बोलवा. टोल प्रवाशाने द्यायचा असतो आणि टोलनाक्यावर रोख चालत नाही. ड्रायव्हर कार्डाने भरतो आणि बिलात लावतो, त्यात गैर काही नाही.

घड्याळ भारतापेक्षा दीड तास पुढे करा.

कार्ड आणि गाड्या

पहिल्याच दिवशी कोणत्याही इंडोमारेत किंवा आल्फामार्त दुकानातून बँकेचे प्रीपेड कार्ड घ्या. मांदिरीचे ई-मनी, बीसीएचे फ्लाझ, बीएनआयचे टॅपकॅश, बीआरआयचे ब्रिझी यांपैकी कुठलेही चालते. रेल्वे, मेट्रो, बस आणि टोल, सगळीकडे हेच एक कार्ड. बसमध्ये रोख घेत नाहीत. कार्डात नेहमी निदान ३०,००० रुपिया ठेवा, कारण शिल्लक कमी असली की फाटक उघडत नाही आणि मागे रांग खोळंबते. प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागते, एकाच कार्डावर दोघांना आत जाता येत नाही. शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवायचे. बाहेर पडताना विसरलात तर पुढच्या वेळी कार्ड अडते.

खरा कणा केआरएल म्हणजे लोकल. मुंबईची लोकल वापरलेल्या माणसाला ती लगेच उमगेल, फक्त दारे बंद होतात आणि डबे वातानुकूलित असतात. भाडे पहिल्या २५ किलोमीटरला ३,००० रुपिया, पुढच्या दर १० किलोमीटरला १,०००. पहिला आणि शेवटचा डबा फक्त महिलांसाठी. लाइनी पाच: बोगोर, चिकारांग, रांकासबितुंग, तांगेरांग आणि तांजुंग प्रिओक. बोगोर लाइन देपोकवरून मांगाराईला येऊन जुन्या शहरातल्या जकार्ता कोताला संपते. चिकारांग लाइन बेकासीवरून येते आणि मांगाराई, सुदिरमान, ताना आबांग असा शहराला वळसा घालते. रांकासबितुंग लाइन ताना आबांगहून निघून बिंतारो आणि बीएसडीच्या बाजूने, सेर्पोंगवरून पश्चिमेला जाते.

त्यामुळे मांगाराई आणि ताना आबांग या दोन स्थानकांवर गाडी बदलणाऱ्यांची प्रचंड रेटारेटी असते. मांगाराईला बोगोर लाइनचे फलाट वरच्या मजल्यावर आणि चिकारांग लाइनचे खाली आहेत. नवा माणूस उतरतो, समोरच्या गाडीत चढतो आणि भलतीकडे पोहोचतो. उतरल्यावर एका बाजूला उभे राहा, फलाटाचा क्रमांक आणि गाडीवरचे शेवटच्या स्थानकाचे नाव वाचा, मगच हला. सकाळी ६ ते ८:३० शहराकडे आणि संध्याकाळी ५ ते ८ उलट दिशेला खच्चून गर्दी असते. तुमचे घर शहरात आणि काम बाहेर असेल तर उलट्या दिशेला बसायला जागा मिळते. घर निवडताना याचाही विचार करा.

मेट्रोची लाइन मार्च २०१९ मध्ये सुरू झाली. दक्षिणेच्या लेबाक बुलुसपासून ब्लोक एम आणि सुदिरमानवरून बुंदारान हा-ईपर्यंत १३ स्थानके, भाडे ३,००० ते १४,००० रुपिया. वेळेची पक्की, स्वच्छ, पण ती जाते एकाच रेषेत. ऑगस्ट २०२३ पासून धावणारी, चालक नसलेली एलआरटी, म्हणजे हलकी मेट्रो, दुकुह आतासहून निघते. चावांगला तिला दोन फाटे फुटतात, एक चिबुबुरच्या दिशेला आणि एक बेकासीकडे. बेकासीच्या फाट्यावर हालीम स्थानक लागते आणि तिथूनच बांडुंगला जाणारी ‘वूश’ ही हायस्पीड रेल्वे सुटते.

या सगळ्यांची गाठ दुकुह आतासला पडते. लोकलचे सुदिरमान, मेट्रो व एलआरटीची दुकुह आतास नावाची स्थानके आणि विमानतळ रेल्वेचे बीएनआय सिटी ही चारही एकमेकांपासून चालत जाण्याइतकी जवळ आहेत. घर कुठेही घ्या, तिथून एका गाडीत दुकुह आतासला येता येते का, हे आधी तपासा. येत असेल तर जकार्तातला निम्मा त्रास वाचला.

जिथे रूळ नाहीत तिथे ट्रान्सजकार्ता. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेली, राखीव मार्गिकेतून धावणारी ही बस वर्षानुवर्षे अंतर कितीही असले तरी ३,५०० रुपियात नेत आली आहे. राखीव मार्गिका संपली की तीही इतरांसारखीच अडकते. गल्लीबोळांतून फिरणाऱ्या मिक्रोत्रान्स या छोट्या गाड्यांना भाडे नाही, पण कार्ड टेकवावे लागतेच. शेवटचा किलोमीटर हिरव्या जॅकेटवाल्या मोटारसायकल टॅक्सीचा, म्हणजे ओजेकचा. हेल्मेट तेच देतात. निळी तीनचाकी दिसली तर ती आपली बजाजच. पुण्याच्या कंपनीच्या रिक्षा १९७० च्या दशकात इथे आल्या आणि नावही तेच राहिले. मीटर नसतो, बसण्याआधी भाडे ठरवा. मोठ्या हमरस्त्यांवर तिला बंदी आहे.

स्वतःची किंवा अ‍ॅपची मोटार वापरणार असाल तर सम-विषम नियम, ‘गांजिल-गेनाप’, लक्षात ठेवा. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते १० आणि दुपारी ४ ते रात्री ९ या वेळात ठरावीक रस्त्यांवर तारखेशी जुळणाऱ्या क्रमांकाच्याच मोटारी चालतात. पिवळ्या पाटीच्या मीटर टॅक्सीला हा नियम नाही, अ‍ॅपच्या खासगी मोटारीला आहे. म्हणूनच कधी कधी अ‍ॅपची गाडी लांबून वळसा घालते.

घर बघताना

एकट्या माणसाला ‘कोस’ सोयीचे. ही महिन्याच्या भाड्याची खोली, बऱ्याचदा सामानासह. कुटुंबासाठी ‘कोंत्राकान’, म्हणजे भाड्याचे घर, किंवा फ्लॅट. भारतीय कुटुंबे पूर्वीपासून पासार बारू, केमायोरान, सुंतर या भागांत आहेत. पासार बारूला कापडाचे भारतीय व्यापारी, गुरुद्वारा आणि मसाले-डाळींची दुकाने आहेत. पण ऑफिस दक्षिणेला असेल तर डाळीच्या दुकानासाठी उत्तरेला घर घेऊ नका. डाळ महिन्याला एकदा आणता येते, ऑफिसला रोज जावे लागते.

घर पसंत करण्याआधी या गोष्टी बघा.

१. पूर. हा प्रश्न दलालाला विचारून उपयोग नाही. शेजारच्या टपरीवर विचारा: ‘दी सिनी पेर्ना बांजिर?’ म्हणजे इथे कधी पूर आला होता का. कंपाउंडच्या भिंतीवर पाण्याची रेषा, दाराला लावलेला उंच उंबरा आणि जमिनीपासून फार वर बसवलेले विजेचे प्लग ही पुराची खूण. जकार्तातून १३ नद्या वाहतात. उत्तरेकडची जमीन भूजल उपशामुळे खचत चालली आहे आणि तिथे पाऊस नसतानाही भरतीचे पाणी चढते, त्याला ‘रोब’ म्हणतात. पण दक्षिणही सुरक्षित नाही: महागड्या केमांगमध्ये क्रुकुत नदीचे पाणी घुसते. मार्च २०२५ मध्ये बेकासीत मोठा पूर आला होता. १ जानेवारी २०२० ला हालीमला एका दिवसात ३७७ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. फ्लॅट असेल तर इमारतीचा जनरेटर आणि पाण्याचे पंप तळघरात आहेत का, ते बघा. घर कोरडे राहिले तरी वीज कंपनी पुराच्या भागाची वीज बंद करते.

२. विजेची मंजूर क्षमता. मीटरवर ९००, १,३०० किंवा २,२०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे एका वेळी किती वीज ओढता येते ते) लिहिलेले असते. एक ‘पीके’चा (म्हणजे एक अश्वशक्तीचा) एसी जवळपास ८०० वॅट घेतो. १,३०० व्हीएच्या घरात तो चालू असताना ७५० वॅटचा मिक्सर लावला की मेन स्विच पडतो. इडली-डोशाचे वाटण करणाऱ्या कुटुंबाने २,२०० व्हीएच्या खालचे घर घेऊ नये. व्होल्टेज भारतासारखेच असल्याने मिक्सर चालतो, फक्त आपला तीन गोल पिनांचा प्लग इथल्या दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसत नाही. स्वस्त अ‍ॅडॉप्टर तापतो, त्यापेक्षा इलेक्ट्रिशियनकडून प्लगच बदलून घ्या.

३. वीज पुष्कळदा प्रीपेड असते. मीटर क्रमांक सांगून दुकानातून किंवा अ‍ॅपवरून पैसे भरले की २० आकडी टोकन मिळते, ते मीटरवर दाबायचे. शिल्लक संपत आली की मीटर टीटी वाजू लागतो. रात्री वाजायला लागला तर सकाळची वाट बघू नका.

४. पाणी. नळाचे पाणी सरळ पिऊ नका. पिण्यासाठी १९ लिटरचा ‘गालोन’ घरपोच येतो. पहिल्या वेळी रिकाम्या बाटलीचेही पैसे द्यावे लागतात, नंतर अदलाबदल. वापराचे पाणी पालिकेचे की बोअरचे ते विचारा. उत्तरेत बोअरचे पाणी खारट लागते आणि गीझर, नळ लवकर गंजतात.

५. गॅस. ३ किलोचा हिरवा सिलिंडर गरीब कुटुंबांसाठी अनुदानित आहे, तो घेऊ नका. साडेपाच किंवा १२ किलोचा घ्या. पुष्कळ उंच इमारतींत सिलिंडरला मनाई असते. मग इंडक्शन शेगडी आली, आणि पुन्हा गाडी व्हीएवरच येते.

राहायला गेल्यावर २४ तासांत गल्लीच्या प्रमुखाला, म्हणजे ‘आरटी’च्या अध्यक्षांना, पासपोर्ट व परवान्याची प्रत घेऊन भेटा. ‘पाक’ म्हणजे साहेब आणि ‘बू’ म्हणजे बाई असे म्हणून, उजव्या हाताने कागद द्या. ही भेट निव्वळ औपचारिक समजू नका. पूर, चोरी, कचरा, पार्सल या प्रत्येक बाबतीत पहिला माणूस तोच. पत्त्यात आरटी आणि आरडब्ल्यूचे (अनेक आरटी मिळून होणाऱ्या गटाचे) आकडे लिहिल्याशिवाय पार्सल पोहोचेलच असे नाही, कारण एकाच नावाच्या गल्ल्या अनेक आहेत.

शाकाहारी माणसाने

‘दागिंग’ म्हणजे मांस, पण बोलताना बहुतेकांच्या मनात गोमांसच येते. म्हणून ‘दागिंग नको’ म्हटले तर कोंबडी घातलेला भात समोर येतो. नावे एकेक करून सांगा: ‘तिदाक पाके दागिंग, आयाम, इकान, उदांग, तेरासी’. म्हणजे मांस, कोंबडी, मासे, कोळंबी आणि तेरासी घालू नका. यातला शेवटचा शब्द सर्वांत महत्त्वाचा. तेरासी ही कोळंबीची आंबवलेली चटणी जवळपास प्रत्येक साम्बलमध्ये, म्हणजे तिखट मिरचीच्या चटणीत, असते आणि डोळ्यांना दिसत नाही. अंडे चालत नसेल तर ‘तेलुर’ही जोडा. ताहू (सोयाबीनचे पनीर), तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची आमटी घातलेले गादो-गादो किंवा पेचेल चांगले लागते, मात्र वर कुस्करलेला पापड कोळंबीचा असू शकतो, तो ‘तान्पा केरुपुक’ म्हणून टाळा. भाजीच्या सुपातला रस्सा बहुधा कोंबडीचा असतो. बौद्ध चिनी शाकाहारी खाणावळी या बाबतीत सर्वांत निर्धास्त, त्यांच्या पाट्यांवर ‘व्हेजिटेरियन’ असे स्पष्ट लिहिलेले असते.

पैसे

आकड्यांत हजारांसाठी टिंब वापरतात, म्हणजे ५०.००० हे पन्नास हजार. ‘रिबू’ म्हणजे हजार, ‘जुता’ म्हणजे दहा लाख. लाल नोट एक लाखाची, निळी पन्नास हजारांची. घाईत २,००० ची राखाडी आणि २०,००० ची हिरवी नोट एकमेकींत मिसळू देऊ नका. डॉलर बदलायचे असतील तर घडी न पडलेल्या, नव्या नोटा आणा. मळक्या नोटेला दर कमी मिळतो किंवा ती नाकारतात. अनेक एटीएम आधी पैसे देतात आणि मग ‘आणखी काही व्यवहार?’ विचारतात. कार्ड परत घेतल्याशिवाय वळू नका.

रस्त्याच्या कडेला उभे राहून फोनवर नकाशा बघू नका. मोटारसायकलवरून फोन हिसकावण्याचे प्रकार होतात. दुकानात किंवा स्थानकात शिरून बघा. जकार्तात आणीबाणीचा क्रमांक ११२. पावसाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च, डेंग्यूचाही जोर असतो. ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही तर रक्ततपासणी करा.

पुराच्या दिवसांत शहराचे अ‍ॅप ‘जाकी’ फोनवर ठेवा आणि बोगोरजवळच्या कातुलांपा बंधाऱ्याची बातमी बघत राहा. तिथे चिलिवुंग नदी चढली की काही तासांनी ते पाणी मांगाराईला पोहोचते. तेवढा वेळ मोटार उंचावर नेऊन लावायला, कागदपत्रे वर ठेवायला आणि फोन चार्ज करायला पुरतो.

रमजान ईदच्या आधीचा आठवडा वेगळाच असतो. लाखो लोक गावी जातात, त्याला ‘मुदिक’ म्हणतात. गाड्यांची तिकिटे कितीतरी आधीच संपतात, घरकामाच्या मावशी, ड्रायव्हर, पाणी आणून देणारा मुलगा सगळे जातात आणि बरीच छोटी दुकाने बंद होतात. मावशींना त्या वेळी एका महिन्याच्या पगाराइतका सणाचा भत्ता, ‘ते-हा-एर’, देण्याचा रिवाज आहे. तो त्या गावी निघण्याच्या आठवडाभर आधी द्या, कारण त्यांची तिकिटे आणि घरच्यांचे कपडे त्यातूनच येतात. गालोन दोन जास्तीचे मागवून ठेवा, विजेचे टोकन भरून ठेवा आणि दहा दिवसांची भाजी-डाळ घरात असू द्या.